वाकलेला खडक वाचायचा, तर आधी सपाट खडक वाचा

मी नागपुरात भूशास्त्र शिकवते, माहेर वाईचं. त्यामुळे लहानपण आडव्या बसाल्टमध्ये गेलं आणि नोकरी मुरडलेल्या, पिळलेल्या शिस्ट-नाइसमध्ये, म्हणजे खोलवरच्या उष्णतेने आणि दाबाने बदललेल्या खडकांत. विद्यार्थी, ट्रेकर, क्वचित एखादा सिव्हिल इंजिनियर हमखास विचारतो, की मॅडम, स्ट्रक्चरल जिऑलॉजी, म्हणजे खडक कसे वाकतात-तुटतात त्याचं शास्त्र, शिकायची तर हिमालयच गाठायला हवा ना? आपल्याकडे काय, सगळा दगड सपाट.

माझं उत्तर उलटं आहे. खडक किती बिघडलाय हे सांगायचं, तर तो मुळात कसा होता हे ठाऊक पाहिजे. हिमालयात ते शोधण्यातच माणसं जन्म घालवतात. आपल्या दख्खनच्या पठारावर ते समोर मांडून ठेवलेलं आहे. लाव्हाचे थर आडवे पसरले आणि सहा कोटी साठ लाख वर्षांनंतरही बऱ्याच ठिकाणी आडवेच आहेत. आधी घाट, मग कोकण, मग विदर्भ, आणि जमलं तर शेवटी हिमालय, असा क्रम मी सांगते. पैसाही कमी लागतो.

दुसरं एक पथ्य सुरुवातीपासून पाळायचं. खडकासमोर उभं राहिलं की तीन प्रश्न, याच क्रमाने: आकार काय आहे? तो आकार यायला कुठला भाग कुठे सरकला? आणि ते सरकवणारं बळ कुठल्या दिशेचं होतं? नवखी मुलं पहिल्याच मिनिटाला तिसऱ्या प्रश्नावर उडी मारतात. "मॅडम, इथे उत्तर-दक्षिण दाब आहे." उचलली जीभ, लावली टाळ्याला. आकार मोजल्याशिवाय हालचाल सांगता येत नाही आणि हालचाल कळल्याशिवाय बळाबद्दल बोलायचा अधिकार नाही. माझ्या वर्गात वहीचे हे तीन रकाने पाडूनच घेते आणि तिसरा रकाना घरी गेल्यावर भरायचा असतो.

सामान

क्लायनोमीटर-कंपास (दिशा आणि उतार दोन्ही मोजणारा), दहापट मोठं दाखवणारं भिंग, कडक पुठ्ठ्याची वही, टूएच पेन्सिल, कोनमापक, टेप, टोपी, पाणी. ब्रंटन कंपास छान असतो, पण महाग. सुरुवातीला साध्या क्लायनोमीटर-कंपासवर भागतं. फोनमध्ये फील्डमूव्ह क्लायनो हे मोजमापाचं ॲप टाकून घ्या. हातोडा असू द्या, पण तो बाहेर काढायची घाई नको. घडी पडलेला सुंदर दगड फोडून नेला की मागून येणाऱ्याला फक्त खड्डा दिसतो. किल्ले आणि देवळांच्या टेकड्यांवर तर तो पिशवीतच राहू द्या.

कंपासबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगते. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे सुई खडकाजवळ फसवते. वीज पडलेल्या डोंगरमाथ्यावर तर ती चक्क वेडीवाकडी फिरते. फोनचीही तीच गत, वर कव्हरला चुंबक असेल तर विचारायलाच नको. उपाय सोपा आहे. पन्नास पावलांवरच्या झाडाचं बेअरिंग घ्या, मग झाडापाशी जाऊन उलट बेअरिंग घ्या. दोन्हींत बरोबर १८०° चा फरक आला पाहिजे. नाही आला, तर दोनपैकी एका जागी सुई खोटं बोलतेय. अशा वेळी खडकाला कंपास न टेकवता दोन-तीन मीटर मागे उभं राहून थराच्या रेषेवर नेम धरून स्ट्राइक (थराची दिशा, खाली सांगते) घ्यायचा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, तेवढी दुरुस्ती आपल्याला माफ आहे.

स्ट्राइक आणि डिप या दोन आकड्यांवर सगळा धंदा चालतो. तिरक्या थरावर पाण्याची बाटली थोडी ओता. पाणी ज्या वाटेने खाली धावतं ती डिपची दिशा, त्या वाटेचा आडव्याशी कोन म्हणजे डिप, आणि त्या वाटेला काटकोनात, थरावरच काढलेली आडवी रेषा म्हणजे स्ट्राइक. लिहिताना एकच पद्धत धरा. मी उजव्या हाताची पद्धत वापरते: स्ट्राइकच्या दिशेने तोंड केलं की थर उजवीकडे उतरला पाहिजे. ०४०/३० असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, थर आग्नेयेकडे ३०° उतरतोय.

खाणीच्या किंवा रस्त्याच्या कापात दिसणारा उतार खरा डिप असेलच असं नाही. काप स्ट्राइकशी तिरका असेल तर उतार कमी दिसतो. खरा डिप ३०° आणि काप स्ट्राइकशी ४५° वर असेल, तर डोळ्याला जेमतेम २२° दिसतात. काप स्ट्राइकलाच समांतर असेल तर थर साफ आडवा दिसतो आणि माणूस "अनडिफॉर्म्ड" लिहून मोकळा होतो. म्हणून दोन वेगवेगळ्या दिशांचे काप बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

घाटात: मूळ आकार डोळ्यांत भरून घ्या

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट माझा आवडता. दख्खनच्या लाव्हाच्या थरांना दिलेली पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावं याच चढणीवरची. चढताना एकेक लाव्हा थर ओळखा. तळाशी घट्ट काळा बसाल्ट, वर फुग्यांची भोकं असलेला, त्या भोकांत झिओलाइट हे पांढरं खनिज भरलेला माथा. दोन थरांच्या मध्ये कुठे विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो, तो लाल बोल. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर जाड.

हा लाल पट्टा म्हणजे तुमची पट्टी आणि ओळंबा दोन्ही. तो कापात सलग धावत असेल तर इथे फॉल्ट, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग, नाही. तो तुटून दुसऱ्या बाजूला दोन हात खाली सापडला, तर फॉल्ट आहे, आणि किती सरकलाय तेही टेपने मोजता येतं. बसाल्टमध्ये काळ्यावर काळं असतं, सरकणं कळत नाही; लाल पट्टा नसता तर आपण आंधळेच. काही थरांच्या तळाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. त्या तळालाच असतात, त्यामुळे थर सुलटा आहे की उलटा हे त्यावरून कळतं. घाटात सगळं सुलटंच आहे, पण "वर कुठली बाजू?" हा प्रश्न विचारायची सवय इथेच लावून घ्या. पुढे विदर्भात ती उपयोगाला येईल.

आता भेगांकडे. बसाल्टमधल्या सगळ्या भेगा भूकंपाने किंवा दाबाने पडलेल्या नसतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल बघा, सुमारे ६१ मीटर उंचीचे खडे खांब. लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला, एवढंच. टेक्टॉनिक बळाचा, म्हणजे भूकवच ढकलणाऱ्या-ताणणाऱ्या बळाचा, तिथे संबंध नाही. थंड होताना पडलेल्या भेगा खांबांच्या भोवती पाच-सहा बाजूंनी फिरतात आणि थर संपला की संपतात. टेक्टॉनिक भेगा एकाच दिशेच्या, समांतर, आणि एका थरातून दुसऱ्यात आरपार जाणाऱ्या. एखाद्या कड्यापाशी बसून वीसेक भेगांची दिशा मोजा आणि वहीत गुलाबाच्या पाकळ्यांसारखा रोझ डायग्राम काढा. दोन-तीन ठळक पाकळ्या आल्या तर बळाचा वास येतो. सगळीकडे सारख्या आल्या तर ते नुसतं थंड होणं आहे.

घाटातले थर आडवे म्हटले तरी अगदी काटेकोर आडवे नाहीत. पश्चिम घाटात ते एकूण दक्षिणेकडे उतरतात, एका अंशाहूनही कमी. कंपासने हे मोजता येत नाही, त्यासाठी तीन बिंदूंची रीत. एकच बोल तीन ठिकाणी गाठा आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावरून उंची काढा. समजा अ ७०० मीटरवर, ब ६५०, क ६००. अ आणि क जोडणाऱ्या रेषेवर ६५० कुठे येईल तो बिंदू काढा आणि ब ला जोडा. ही झाली स्ट्राइक. क पासून या रेषेवर लंब टाका. तो २ किलोमीटर भरला तर ५० मीटरची घसरण २००० मीटरवर, म्हणजे डिप साधारण १.४°. फोनवरची उंची दहा-पंधरा मीटरने सहज चुकते, तेव्हा इतक्या कमी डिपसाठी बिंदू एकमेकांपासून चांगले लांब घ्या, नाहीतर मोजमाप फोनच्या चुकीचंच होईल.

कोकणात: थर कललेले, जमीन ताणलेली

घाट उतरून पनवेलकडे आलं की तेच आडवे थर पश्चिमेकडे कलायला लागतात. मुंबईच्या आसपास दहा-पंधरा अंशांचे उतार मिळतात. याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. भूशास्त्रज्ञ जे. बी. ऑडन यांनी १९४९ मध्ये ते मांडलं. ही सरळ वाकलेली पट्टी आहे, की समुद्राच्या बाजूने ताण पडून फॉल्टांवर ठोकळे कलंडलेत, यावर आजही वाद आहे. तुम्ही दोन्ही बाजू मनात ठेवून मोजा: कल हळूहळू वाढत जातो का, की मध्येच पायरी घेतो? पहिलं असेल तर वाकणं, दुसरं असेल तर फॉल्ट. घाटात सपाट थर बघून आलेल्या माणसाला हा कल लगेच खटकतो. थेट इथे आलेल्याला "लाव्हा उतारावरून वाहिला असेल" असं वाटू शकतं.

कोकणातला खरा खजिना मात्र डाइक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या मॅग्माची भिंत. मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूला ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर जा. जुन्या बसाल्टमधून उत्तर-दक्षिण धावणाऱ्या काळ्या भिंती दिसतील. तिथी बघून जायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे हटतं, पण ओहोटी सकाळी लवकर आणि संध्याकाळी. अष्टमीच्या भांगाला ओहोटी दुपारी सापडते, पण खडक थोडाच उघडा पडतो. मी उधाणाची पहाट घेते. कोळी मंडळींना विचारलं तर वेळ मिनिटावर सांगतात.

डाइकशी काय करायचं ते नीट सांगते, कारण बळाची दिशा दाखवणारी इतकी स्वच्छ खूण दुसरी नाही. मॅग्मा भेगेत शिरतो तेव्हा जिकडे ढकलायला सगळ्यात सोपं तिकडे भेग उघडतो. म्हणजे डाइकची भिंत सगळ्यात कमी दाबाच्या दिशेला काटकोनात उभी राहते. किनाऱ्यालगतचे उत्तर-दक्षिण डाइक सांगतात, की जमीन पूर्व-पश्चिम ताणली जात होती. आता धुळे-नंदुरबारकडे बघा. तिथे दोनशेच्या वर मोठे डाइक पूर्व-पश्चिमेच्या जवळपास धावतात, माळरानावर मैलोन्‌मैल सरळ टेकड्यांच्या रांगा. तिथला ताण उत्तर-दक्षिण. उपग्रहचित्रावर हे घरबसल्या दिसतं. गूगल अर्थवर साक्री उघडा आणि बघत राहा.

ताण किती पडला, हेही काढता येतं. डाइकना काटकोनात १०० मीटरची दोरी टाका. तिच्यावर येणाऱ्या प्रत्येक डाइकची रुंदी टेपने मोजा, तीही भिंतीला काटकोनात. तिरकी मोजली तर डाइक उगाच लठ्ठ होतो. समजा बेरीज ६ मीटर आली. म्हणजे मुळात ९४ मीटर जमीन होती, ती १०० झाली. ६ भागिले ९४, ताण ६.४ टक्के. आकडा छोटा वाटतो, पण अख्खी जमीन फाकल्याचा तो हिशोब आहे. त्यानंतर डाइकच्या दोन्ही काठांवरचे कंगोरे जुळतात का बघा. समोरासमोर जुळले तर भेग सरळ उघडली. एक काठ बाजूला सरकवल्यावरच जुळत असतील तर उघडताना सरकलीही.

टेबलावर: ट्रेसिंग पेपर आणि टाचणी

मोजलेले स्ट्राइक-डिप एका वर्तुळावर मांडायला कॉम्प्युटरवर रिक ऑल्मेंडिंगर यांचं स्टीरिओनेट फुकट मिळतं आणि ते उत्तम आहे. तरी पहिलं सेमिस्टर हाताने करा. श्मिट नेट (अंशांच्या वक्र रेषांचं वर्तुळाकार जाळं) छापून पुठ्ठ्यावर चिकटवा, मधोमध मागून ड्रॉइंग पिन टोचा, वर ट्रेसिंग पेपर. कागद पिनभोवती गरगर फिरला पाहिजे. छिद्र मोठं होऊ नये म्हणून तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा.

वरचाच ०४०/३० घ्या. ट्रेसिंगवर उत्तर खूण करा. परिघावर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने ४० अंशांवर टिंब. कागद फिरवून हे टिंब नेटच्या उत्तरेवर आणा. आता उजव्या काठापासून आत ३० अंश मोजा आणि तिथून जाणारी वक्र रेषा गिरवा. हे तुमचं प्रतल, म्हणजे थराची सपाटी. कागद तसाच ठेवून केंद्रापासून डावीकडे ३० अंश जा आणि एक ठिपका द्या. हा त्या प्रतलाचा पोल, प्रतलात ठोकलेल्या काटकोनी खिळ्याचं टोक. कागद परत उत्तरेवर फिरवा. रेषेऐवजी ठिपक्यांनी काम करायची सवय लागली की चाळीस मापं एका कागदावर गर्दी न करता बसतात.

याचा उपयोग घड्यांमध्ये. घडीच्या दोन्ही बाजूंवर, माथ्यावर, जमेल तिथे थराची मापं घ्या आणि सगळ्यांचे पोल टाका. ठिपके एका मोठ्या वक्र पट्ट्यात मांडले गेले, तर त्या पट्ट्याचा पोल म्हणजे घडीचा अक्ष, जिच्याभोवती थर वाकले ती रेषा. तो कुठल्या दिशेला आणि किती अंशांनी जमिनीत घुसतो हे थेट वाचता येतं, अक्ष प्रत्यक्ष कुठे दिसला नसला तरी. मँगनीजच्या खाणीत हा आकडा फार किमती असतो, त्याकडे येतेच.

बळ: एक रांगोळीची पेटी

आता तिसरा रकाना. कुठल्याही बिंदूवर तीन काटकोनी दिशांनी दाब असतो: सर्वांत जास्त सिग्मा-१, मधला सिग्मा-२, सर्वांत कमी सिग्मा-३. भूशास्त्रज्ञ ई. एम. अँडरसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साधी गोष्ट ओळखली. जमिनीच्या पृष्ठभागावर हवा आहे, ती खडकाला घासून धरू शकत नाही, म्हणून या तीनपैकी एक दिशा जवळजवळ उभी असलीच पाहिजे. सिग्मा-१ उभा तर नॉर्मल फॉल्ट (वरची बाजू खाली घसरलेला), साधारण ६०° उताराचा. सिग्मा-३ उभा तर रिव्हर्स (वरची बाजू वर चढलेला), साधारण ३०°. सिग्मा-२ उभा तर स्ट्राइक-स्लिप (दोन्ही बाजू आडव्या सरकलेला), जवळजवळ खडा.

पाठ करू नका, करून बघा. दीड-दोन फुटी काचेची पेटी घ्या, माशांची चालेल. तळाला पॉलिश पेपर. त्यावर चाळलेली कोरडी वाळू आणि रंगीत रांगोळी यांचे आलटून-पालटून थर, प्रत्येकी अर्ध्या सेंटिमीटरचे, एकूण तीन-चार सेंटिमीटर. प्रत्येक थर फुटपट्टीने सपाट करा. हाच तुमचा आंबेनळी घाट. पेटीच्या रुंदीची प्लायची फळी एका टोकाला उभी करा आणि हळूहळू पुढे ढकला. समोर फोन लावून ठेवा. आधी फळीपुढे फुगवटा येईल, मग एक तिरकी चीर, आणि तिच्यावरून वाळूचा एक पापुद्रा दुसऱ्यावर चढेल. आणखी ढकला. नवी चीर पहिल्याच्या पुढे पडते, मग तिच्याही पुढे. पुढची पडली की मागची जवळपास थंडावते. हिमालयात मोठे थ्रस्ट (कमी उताराचे रिव्हर्स फॉल्ट) साधारण याच क्रमाने उत्तरेकडून दक्षिणेकडे आले: मेन सेंट्रल, मग मेन बाउंड्री, मग पायथ्याचा फ्रंटल.

फोटोवर कोनमापक ठेवून चिरेचा उतार मोजा, तीस अंशांच्या आसपास येईल. वाळू पुन्हा सपाट करून फळी मागे ओढा: आता चिरा उभट आणि मध्ये खड्डा. काचेला चिकटलेली वाळू थोडी फसवते, म्हणून शेवटी वरून पाण्याचा फवारा मारून ओली करा आणि सुरीने मधोमध कापून बघा. मग पॉलिश पेपर काढून बटर पेपर घाला आणि तोच प्रयोग. तळाचं घर्षण कमी झालं की डोंगर बुटका आणि लांब होतो. माझी मुलं हा प्रयोग परीक्षेनंतरही करत बसतात, घरची रांगोळी संपते ते वेगळं.

वाळू फक्त तुटते. खडक तुटतोही आणि वाकतोही, आणि ते तापमान, भोवतालचा दाब, वेग यांवर ठरतं. गूळ-दाण्याची चिक्की ताटात कोमट असताना हळूहळू वाकते, झटका दिला की तुटते, थंड झाल्यावर नुसती तुटतेच. खडकात जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २५-३० अंश सेल्सियसने तापमान चढतं. खडकातल्या खनिजांपैकी क्वार्ट्झ ३०० अंशांच्या आसपास मऊपणा दाखवायला लागतं, फेल्डस्पारला साधारण साडेचारशे लागतात. म्हणून दहा-पंधरा किलोमीटरच्या वर बहुतेक तुटणं, खाली वाकणं. वेग म्हणाल तर निसर्गाचा नेहमीचा दर सेकंदाला मूळ लांबीच्या १०⁻¹⁴ पट, त्याच्या आसपास. या दराने खडक १० टक्के दाबला जायला तीन लाख वर्षांहून जास्त लागतात. एवढ्या सवडीने काम केलं तर दगडही वाकतो.

आपल्याकडचे दोन भूकंप इथे उदाहरणाला घ्या. भारताचा तुकडा वर्षाला साधारण ५ सेंटिमीटरने उत्तरेकडे सरकतोय, त्यातले दोनेक हिमालयात जिरतात, आणि उत्तर-दक्षिणेच्या आसपासचा दाब अख्ख्या द्वीपकल्पात पसरतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला फॉल्ट आडवा सरकला, डाव्या हाताचा स्ट्राइक-स्लिप, म्हणजे समोरची बाजू डावीकडे गेलेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला एक बाजू दुसरीवर चढली, रिव्हर्स. दाब साधारण त्याच दिशेचा, पण किल्लारीला सगळ्यात कमी दाबाची दिशा उभी होती, कोयनेला आडवी. कोयनेत धरणातल्या पाण्याने जुन्या भेगांमधला दाब वाढवला, फॉल्टच्या दोन्ही भिंतींची पकड सैल केली. पाणी बळ निर्माण करत नाही, आधी साठलेलं सोडतं. विद्यार्थी या दोन्हींत गल्लत करतात आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

विदर्भात: आता घड्या

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालात की मनसर, रामटेक, मग देवलापार. हा सौसर गट नावाच्या जुन्या खडकांचा मुलूख: संगमरवर, कॅल्क-सिलिकेट (चुनखडीच्या अशुद्ध थरांचा बदललेला खडक), अभ्रकाचे शिस्ट, क्वार्टझाइट, आणि त्यांच्यात मँगनीजचे पट्टे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी यायचं. मे महिन्यात ४५ अंशांत खडकाला हात लावून दाखवा. पेंचच्या जंगलात वनखात्याची परवानगी लागते आणि खाणीत व्यवस्थापनाची, तीही आधी लेखी.

पहिल्यांदा कॅल्क-सिलिकेटचा एक स्वच्छ धुतलेला खडक शोधा, नदीपात्रात मिळतो. पांढऱ्या संगमरवरात हिरवट-करडे कडक पट्टे. खाली बसा आणि एकाच पट्ट्यावर बोट ठेवून चाला. कुठे तो इंग्रजी एस सारखा वळतो, कुठे झेड सारखा, कुठे एम. घडीच्या एका बाजूवर एस, दुसऱ्या बाजूवर झेड, माथ्यावर एम. मात्र बघायचं नेहमी अक्ष जमिनीत घुसतो त्या दिशेने. उलट बाजूने बघितलं तर एस चा झेड होतो. बोट पुढे न्या. एस संपून एम लागला की मोठ्या घडीचा माथा जवळ आहे, मग ती घडी डोंगराएवढी का असेना. पुढे तोच कडक पट्टा ताणून तुटलेला दिसेल, तुकडे तुकडे, मध्ये मऊ संगमरवर भरलेला. हे बूडिन. म्हणजे एकाच हाताच्या अंतरात एका दिशेने दाब आणि दुसऱ्या दिशेने ताण. दोन्हींची दिशा मोजा.

मग शिस्टमध्ये थर आणि पत्रण (दाबाने खडकाला पडलेले पापुद्रे), दोन्हींचा डिप वेगवेगळा घ्या. दोघे एकाच दिशेला उतरत असतील आणि पत्रण जास्त उभं असेल, तर घडीची ही बाजू सुलटी. थर जास्त उभा असेल तर बाजू उलथलेली, म्हणजे जुना थर वर आणि नवा खाली. हा नियम पहिल्या पिढीच्या घडीपुरताच. इथे खडक एकाहून जास्त वेळा मुरडलेत, त्यामुळे पत्रणालाच घडी पडलेली दिसली तर थांबा, आणि कुठली घडी आधीची ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. जी घडी दुसरीचा अक्ष वाकवते ती नंतरची.

मँगनीजवाल्यांना हे सगळं पोटासाठी करावं लागतं. घडीच्या माथ्यावर पट्टा जाड होतो, बाजूंवर पातळ. अक्ष किती अंशांनी कुठे घुसतोय हे कळलं की पुढचं बोअर कुठे घ्यायचं ते कळतं. चुकलं तर लाखो रुपये शिस्टमध्ये जातात.

देवलापारचं प्रकरण शेवटी ठेवा. भूशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये इथे नाप असल्याचं मांडलं, म्हणजे खडकांची अख्खी चादर दुरून सरकत येऊन दुसऱ्यांवर चढलेली. त्यावर पुढे वाद झाले. भूकोश या जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या) संकेतस्थळावरून १:५०,००० चा भूशास्त्रीय नकाशा उतरवून घ्या, देवलापारवरून रचनेला काटकोनात एक रेषा मारा आणि छेद, म्हणजे त्या रेषेवर जमीन उभी कापली तर दिसेल ते चित्र, काढायला बसा. आडवं आणि उभं माप सारखंच ठेवा, नाहीतर डिप खोटे होतात. तुमची मापं टाका, आणि दोन छेद काढा: एक नापचा, एक साध्या घड्यांचा. दोन्ही छेदांत एकेक थर दोऱ्याने मोजून सरळ करा. घड्या आणि फॉल्ट उलगडल्यावर थरांच्या लांब्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. इतक्या ऊबदार, वाहिलेल्या खडकांत त्या अगदी तंतोतंत जुळणार नाहीत, पण ज्या छेदात एक थर दुप्पट उरतो तो छेद फेकून द्यायचा. मग उरलेल्या छेदात जिथे प्रश्नचिन्ह पडलं, नेमक्या त्या नाल्यात पुढच्या रविवारी जायचं, कंपास आणि टूएच पेन्सिल घेऊन.